रेंज संपते तिथून पुढे: २०२६ चे तंत्रज्ञान आणि कोकण किनारा

वर्ष सरत आले की पुढच्या वर्षीच्या तंत्रज्ञानाची भाकिते सुरू होतात. त्यातली बहुतेक, ज्याच्या फोनला चोवीस तास रेंज आहे अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत असा माणूस शोधावाच लागेल. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज नसते, आगरात ती येते-जाते, आणि समुद्रात गेले की संपतेच. म्हणून २०२६ चा अंदाज बांधताना मी एकच प्रश्न धरला आहे: रेंज गेल्यावर काय चालेल?

आधी समुद्र. होडी लांब गेली की फोन मुका होतो, याचे मोठे कारण पृथ्वीचा गोलावा. चाळीस मीटर उंच टॉवर आणि होडीवर तीन मीटरवर धरलेला फोन, दोघे एकमेकांना साधारण तीस-पस्तीस किलोमीटरपर्यंतच ‘दिसतात’. त्यापलीकडे मधे पाणीच आडवे येते. टॉवर सड्यावर, म्हणजे उंच पठारावर, असेल तर तो जास्त लांब पाहतो. एकाच दिवशी एका बंदराजवळ रेंज लवकर जाते आणि शेजारच्या बंदराजवळ टिकते, ते अनेकदा यामुळेच. जुन्या टू-जीला तर आणखी एक बंधन होते. फोनचा संदेश पोचायला लागणारा वेळ टॉवर मोजून घेतो, आणि त्या मोजणीची कमाल हद्दच ३५ किलोमीटरची होती.

यावर दोन उपाय आज डोळ्यांसमोर आहेत. पहिला इस्रोचा ट्रान्सपॉन्डर. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्याची देशव्यापी योजना सुरू केली. एक लाख मासेमारी नौकांवर ही यंत्रे बसवायची आहेत. यंत्र उपग्रहाशी बोलते, तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) फोन ब्लूटूथने यंत्राशी. बोलणे होत नाही, पण लिहून संदेश दोन्ही बाजूंनी जातो. संकटाची हाक, वादळाचा इशारा आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ती माहिती, सगळे त्यावर येते.

दुसरा उपाय म्हणजे साधा मोबाइल थेट उपग्रहाला जोडणे. २४ डिसेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून आपल्याच एलव्हीएम-३ रॉकेटने अमेरिकेतल्या एएसटी स्पेसमोबाइल या कंपनीचा ब्लूबर्ड उपग्रह वर नेला. त्याचा अँटेना उलगडल्यावर सुमारे २२३ चौरस मीटरचा होतो, म्हणजे एखाद्या घराचे अख्खे खळे झाकेल एवढा. एवढा मोठा कशाला? तर आपला फोन जेमतेम ०.२ वॅट ताकदीने संदेश सोडतो. पाचशे किलोमीटर वर पोचेपर्यंत तो इतका क्षीण होतो की तो ऐकायला कानही तसाच मोठा हवा. हाच उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत असता, तर संदेश आणखी चार हजारांहून अधिक पट क्षीण झाला असता. जवळच्या कक्षेत दुसरी अडचण असते. तिथला उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो, काही मिनिटांत क्षितिजाआड जातो, आणि त्या वेगामुळे लहरींची वारंवारता सरकते ती सतत सावरून घ्यावी लागते. अखंड सेवेसाठी असे उपग्रह डझनांनी लागतात.

एएसटीने व्होडाफोन आयडियाशी भागीदारी जाहीर केली आहे. तरी माझा अंदाज सरळ आहे: २०२६ मध्ये हर्णे किंवा मिरकरवाड्याहून निघालेल्या खलाशाला साध्या फोनवर खोल समुद्रातून घरी बोलता येणार नाही. उपग्रह थोडे आहेत, आणि परवानग्यांची वाट लांब आहे. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला जून २०२५ मध्ये परवाना मिळाला, तरी २०२५ च्या अखेरीस तिची सेवा सुरू झालेली नव्हती. ‘पुढच्या वर्षी मोबाइलच चालेल’ या आशेवर कोणी ट्रान्सपॉन्डर बसवून घ्यायचे लांबवत असेल, तर तसे करू नये. निसर्ग आणि तौक्ते ही वादळे एका वर्षाच्या अंतराने आली, हे किनारा विसरलेला नाही.

आता जमिनीवर. आंब्याच्या मोहोराचे दिवस आहेत, आणि फोनमध्येच चालणाऱ्या एआयची २०२६ मध्ये खूप जाहिरात होणार आहे. बागेत रेंज नसताना फोनच उत्तर देणार असेल तर ते हवेच. पण हिशोब करून पाहा. ३०० कोटी पॅरामीटरचे (म्हणजे मॉडेलने शिकून साठवलेल्या आकड्यांचे) ‘लहान’ भाषा-मॉडेल, प्रत्येक पॅरामीटरला अर्धा बाइट धरला, तरी दीड जीबी रॅम खाते. सहा जीबीच्या फोनात बाकीचे सगळे चालू असताना एवढी जागा निघणे कठीण. आणि नेमकी रॅमच महागली आहे. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि त्यांचा ओढा एआय सर्व्हरांना लागणाऱ्या एचबीएम या मेमरीकडे आहे. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन लागते. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा २०२६ मध्ये मध्यम किमतीचे फोन एक तर महागतील, नाही तर त्यांची रॅम आहे तेवढीच राहील. फोन घ्यायचाच असेल तर आठ जीबीचा, आणि लवकर घ्यावा.

बागायतदाराला मात्र एवढे मोठे मॉडेल लागतच नाही. चित्र ओळखणारी मॉडेल काही एमबीत मावतात आणि स्वस्त फोनवर, रेंजशिवाय चालतात. कमी पडतात ते फोटो. मोहोरावर पडणारा फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटरचा. मोहोराचा लांबून काढलेला फोटो कितीही मोठ्या एआयला दिला तरी त्याला तो दिसणार नाही. जाणते बागायतदार मोहोर पांढऱ्या कागदावर झटकतात आणि कागदावर हलणारे ठिपके मोजतात. त्या कागदाचे, आपल्याच हापूसच्या बागांतले, वेगवेगळ्या उजेडातले हजारो फोटो गोळा झाले, तर कामाचे ॲप एका हंगामात उभे राहू शकते. दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि बागायतदार संघ यांनी हे मनावर घ्यावे असे मला फार वाटते. बाहेरची कंपनी ते आपल्यासाठी करेल असे दिसत नाही.

आवाजाचेही तसेच. प्रमाण मराठी फोनला २०२६ मध्ये आणखी चांगली कळेल. मालवणी, आगरी, संगमेश्वरी कळायला त्या बोलींचे ध्वनिमुद्रण हवे, आणि ते फार थोडे आहे. आजी फोनला काही सांगेल आणि फोन भलतेच लिहील, हे अजून काही वर्षे चालणार.

व्यवसायात सगळ्यात जवळचा बदल होमस्टेवाल्यांना जाणवेल. पाहुण्यांच्या आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे आणि ते फोनमध्ये वर्षानुवर्षे पडून राहू द्यायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातली मुख्य बंधने दीड वर्षाने, म्हणजे २०२७ च्या मध्यावर लागू होतील. नोव्हेंबर २०२५ मध्येच आधारचे नवे ॲपही आले. त्यात पाहुणा हवी तेवढीच माहिती क्यूआर कोडने दाखवू शकतो. मे महिन्याची गर्दी सुरू व्हायच्या आत ही पद्धत शिकून घेता येईल. आणि काउंटरवरचा संगणक विंडोज १० वर असेल तर त्याकडेही बघावे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबले आहेत, आणि बँकेचे व्यवहार बहुधा त्यावरूनच होत असतात.