स्पॅनिशमधील व्याकरणिक लिंग आणि समावेशक भाषेचा वाद

स्पॅनिशमध्ये नामांची लिंगे दोनच: पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. लॅटिनमधले नपुंसकलिंग नामांतून गळून गेले. ‘एस्तो’ (हे), ‘एसो’ (ते) अशा मोजक्या शब्दांत त्याची खूण उरली आहे. ओकारान्त नाम बहुधा पुल्लिंगी, आकारान्त स्त्रीलिंगी. अपवाद मात्र रोजच्या वापरातलेच: ‘मानो’ (हात) स्त्रीलिंगी, तर ‘दिया’ (दिवस) पुल्लिंगी. ‘पेर्सोना’ (व्यक्ती) पुरुषाबद्दल वापरला तरी स्त्रीलिंगीच राहतो. मराठीत ‘व्यक्ती’चेही तसेच आहे. टेबलाच्या किंवा पुस्तकाच्या लिंगावरून कोणी भांडत नाही. वाद आहे तो माणसांसाठीच्या शब्दांचा, त्यातही अनेकवचनाचा.

‘निन्यास’ म्हणजे मुली. ‘निन्योस’ म्हणजे मुलगे, किंवा मुलगे आणि मुली मिळून सगळे. वर्गात वीस मुली आणि एक मुलगा असला, तरी व्याकरणाने ते ‘निन्योस’च. ‘पाद्रेस’चा अर्थ वडील मंडळीही होतो आणि आईवडीलही. मराठीत अशा वेळी नपुंसकलिंग मदतीला येते: मुलगे आले, मुली आल्या, पण ‘मुलं आली’, नवराबायको असतील तर ‘दोघं आली’. नेमकी ही तिसरी जागा स्पॅनिशमध्ये रिकामी आहे.

ती भरण्याचे, म्हणजेच समावेशक भाषेचे, मार्ग तीन. पहिला दोन्ही रूपे उच्चारण्याचा. व्हेनेझुएलाच्या १९९९ च्या राज्यघटनेने तो इतक्या निष्ठेने पाळला आहे, की काही कलमे वाचताना दम लागतो. दुसरा, ‘ओ’ किंवा ‘आ’च्या जागी ‘ॲट’चे चिन्ह किंवा एक्स लिहिण्याचा, हे कागदावर दिसते, पण तोंडाने म्हणायचे कसे? तिसरा ‘ए’ प्रत्ययाचा. आल्वारो गार्सिया मेसेगेर या स्थापत्य अभियंत्याने तो १९७६ मध्ये सुचवला होता. पुढे या ‘ए’मध्ये स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्यांनाही जागा मिळाली. मात्र एक शब्द बदलून भागत नाही. ‘तोदोस लोस निन्योस एस्तान कान्सादोस’ (सगळी मुलं दमली आहेत) याचे ‘तोदेस लेस निन्येस एस्तान कान्सादेस’ होते: संख्याविशेषण, उपपद, नाम, विशेषण सगळेच हलते. ‘आमिगो’चे (मित्र) ‘आमिगे’ लिहिताना ‘ग’चा उच्चार टिकावा म्हणून मध्ये ‘यू’ हे अक्षरही घालावे लागते. २०१८ मध्ये अर्जेंटिनात गर्भपाताच्या विधेयकावर चर्चा पेटली, तेव्हा शाळकरी आंदोलकांच्या तोंडी हा ‘ए’ सहज ऐकू येऊ लागला.

विरोधाचे मुख्य पीठ म्हणजे माद्रिदची रॉयल स्पॅनिश अकादमी. स्थापना १७१३ची, पहिली स्त्री, कवयित्री कार्मेन कोंदे, सदस्य म्हणून निवडली गेली १९७८ मध्ये. व्याकरणातले पुल्लिंग समावेशकच आहे, त्यात स्त्रीला वगळलेले नाही, ही अकादमीची भूमिका. अकादमीचे सदस्य, भाषातज्ज्ञ इग्नासिओ बोस्के यांनी २०१२ मध्ये समावेशक भाषेच्या मार्गदर्शिकांची याच अंगाने चिकित्सा केली. स्पेनच्या राज्यघटनेची भाषा बदलावी का, या सरकारच्या पृच्छेलाही २०२० मध्ये अकादमीने फारशी गरज नसल्याचेच उत्तर दिले. त्याच वर्षी स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्यांसाठीचे ‘एये’ हे नवे सर्वनाम तिच्या शब्द-निरीक्षण पानावर आले आणि गदारोळ होताच काही दिवसांत काढलेही गेले. अकादमीचा व्याकरणाचा मुद्दा भक्कम आहे; पण व्याकरणाचा नियम सांगितल्याने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते हा प्रश्न सुटत नाही, आणि भांडण त्यावरूनच आहे.

सरकारेही यात उतरली. ब्वेनोस आइरेस शहराने २०२२ मध्ये शाळांतून ‘ए’, एक्स आणि ‘ॲट’चे लेखन बंद केले. २०२४ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हाविएर मिलेई यांच्या सरकारने राष्ट्रीय प्रशासनातही बंदी घातली.

पदनामांचा तंटा त्यामानाने सोपा. ‘मेदिका’ (स्त्री डॉक्टर), ‘हुएसा’ (स्त्री न्यायाधीश) ही रूपे अकादमीला मान्य आहेत. २००८ मध्ये स्पेनच्या मंत्री बिबियाना आइदो यांनी वापरलेले ‘मिएम्ब्रास’ (सदस्या) मात्र थट्टेचा विषय झाले. क्लाउदिया शेनबाउम २०२४ मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा आपल्याला आकारान्त ‘प्रेसिदेन्ता’ म्हणावे असा त्यांनी आग्रह धरला. हा शब्द अकादमीच्या कोशात १८०३ पासून आहे.