तीन गिटारी की गिटारवाल्याचे तिघं? भुसावळच्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

गिटार ट्रायो (ट्रायो म्हणजे तिघांचा संच) म्हणजे तीन गिटारी, की एक गिटारवाला आणि त्याचे दोन साथीदार? दर हिवाळ्यात भरीत पार्टीला हा वाद निघतोच आणि नवीन आलेले दोन-तीन जण नुसते तोंड बघत बसतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्या रेकॉर्डवरून वाद लागतो ती म्हणजे १९८१ ची 'फ्रायडे नाईट इन सॅन फ्रान्सिस्को'. तिघांची नावं तुम्हाला पाठ असतीलच, एक स्पेनचा फ्लामेंकोवाला (तिकडचं लोकसंगीत) पाको दे लुसिया, एक न्यू जर्सीचा तेव्हा २६ वर्षांचा पोरगा अल डी मिओला, आणि तिसरा आपला 'शक्ती' या भारतीय वादकांसोबतच्या बँडवाला इंग्रज, जॉन मॅकलॉफलिन. आपला यासाठी की तबला-घटमसोबत बसलेला माणूस आपल्या लोकांना घरचाच वाटतो, निम्मं भांडण तिथूनच लागतं.

फार मागचं थोडक्यात. जाझमध्ये गिटार आधी मागे बसून ठेका धरायची, इलेक्ट्रिक झाल्यावर पुढे आली. पियानो-गिटार-बास (बास म्हणजे खर्जाचं तारवाद्य) असे ट्रायो १९३७-३८ पासून होते. १९५७ ला 'द पोल विनर्स' ही रेकॉर्ड आली, गिटार-बास-ड्रम. १९५९ ला अंगठ्याने वाजवणाऱ्या त्या इंडियानापोलिसवाल्याने, म्हणजे वेस माँटगोमेरीने, ऑर्गन आणि ड्रम घेऊन ट्रायो केला, बासचं काम ऑर्गनवाल्यानेच सांभाळलं. १९७६ ला 'ब्राइट साइज लाइफ', परत गिटार-बास-ड्रम. या सगळ्यांत गिटार एकच आहे बरं का. म्हणजे गिटार ट्रायो हा तीन गिटारींचा नसतो, गिटारवाल्याचा असतो, जसं पेटीवाल्याची बैठक म्हटलं तर कोणी तीन पेट्या मोजत नाही.

आणि मग डिसेंबर १९८० ला हे तिघं तीन साध्या, प्लग न लावायच्या गिटारी घेऊन बसले, बास नाही ड्रम नाही, आणि जगभर लोक त्यालाच गिटार ट्रायो म्हणायला लागले. १९९६ ला त्याच तिघांनी परत एकत्र येऊन अल्बमचं नावच 'द गिटार ट्रायो' ठेवलं, म्हणजे गोंधळावर शिक्काच.

आपल्याकडे याला सगळ्यात जास्त विरोध रेल्वेतून रिटायर झालेल्या नानांचा. त्यांचे कान डान्स बँडवर तयार झालेले, ड्रम पाहिजेच. त्यांचा हिशोब असा की कव्हरवर तिघं आहेत पण एकूण ट्रॅक पाच, त्यातले पहिले तीन दोघादोघांचे, तिघं एकत्र फक्त शेवटच्या दोनमध्ये, आणि त्यातलाही शेवटचा त्या शुक्रवारचा नाहीच, स्टुडिओत केलेला. "भो, मग यात ट्रायो हाये कुठं, अन् फ्रायडे तरी कितीक?" हिशोब बरोबर आहे, मी स्वतः कव्हर वाचून खात्री केली. लाइव्ह म्हणून विकलेल्या रेकॉर्डवर स्टुडिओचा तुकडा जोडायचा निर्णय मलाही पटत नाही. पण त्यासाठी पहिल्या ट्रॅकच्या अकरा-साडेअकरा मिनिटांना नावं ठेवायची?

तबलेवाल्या सरांचं म्हणणं तिसरंच, ते म्हणतात ही जुगलबंदी आहे, सवाल-जवाब आहे, जाझ म्हणा नाहीतर काही म्हणा. दुसऱ्या ट्रॅकमध्ये मध्येच पिंक पँथर या सिनेमाची गमतीशीर धून येते आणि तिकडचं पब्लिक हसतं, तिथे सर खुश होतात आणि नाना तोंड वाकडं करतात, "थिल्लरपणा". बाकी पोरांची तक्रार स्पीडची, की नुसती पळापळ आहे, जीव कुठे आहे.

आता एक गोष्ट जी या वादात कोणी सांगत नाही. आपल्याकडे ही रेकॉर्ड आधी कॅसेटवर आली, आणि ज्या डेकवर ती वर्षानुवर्षं वाजली त्याचा डावा चॅनल मेलेला होता. या रेकॉर्डवर स्पेनवाला डावीकडे आहे, इंग्रज मध्ये, न्यू जर्सीवाला उजवीकडे. म्हणजे पहिल्या ट्रॅकला नायलॉनच्या तारांवर बोटांनी वाजवणारा गडी दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा लांबून यायचा, आणि समोर फक्त स्टीलच्या तारांवर पिकने तडतड तडतड. नानांचं "मशीनगन" हे मत तेव्हाचं आहे! दोन्ही स्पीकरवर मी ऐकवलं ते एका जानेवारीत, मागे बडगीत वांगी ठेचायचं काम चालू होतं, नानांनी हाताने ठेचणाऱ्याला थांबवलं, डावीकडे खुर्ची सरकवली आणि पूर्ण ट्रॅक संपेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाजवतो चांगलं. ट्रायो नाही."

२०१४ ला स्पेनवाला गेला. २०२२ ला त्या शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे ६ डिसेंबर १९८० च्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग 'सॅटर्डे नाईट' म्हणून निघालं, आणि ज्यांनी शुक्रवारला नावं ठेवली तेच पहिले मागायला आले. तेव्हापासून कपाटात दोन खोके केलेत, एकावर 'तीन गिटारी', दुसऱ्यावर 'गिटार-बास-ड्रम'. ऑर्गनवाली दुसऱ्यात चालवून घेतली. पण १९५७ चीच एक 'जाझ गिटार' नावाची आहे, गिटार, पियानो, बास, ड्रमच नाही, ती नाना त्यांच्या खोक्यात घेत नाहीत आणि सर पण नाही, सध्या ती टीव्हीवर ठेवलीय.