ऑफ-रोड एसयूव्हीवरील ॲक्सेसरीज व टोइंगची तयारी

डोंगरवाटा, चिखल, वाळू, नदीपात्र अशा ठिकाणी नेल्या जाणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह एसयूव्हीवर मालक नंतर जी साधने बसवतो, त्यांना ॲक्सेसरीज म्हणतात. पुढचा लोखंडी बंपर व त्यातली विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे विजेचे यंत्र), दारांखालचे रॉक स्लायडर (दगडांपासून वाचवणाऱ्या दांड्या), छतावरचा रॅक, स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), लाइट बार, दुसरी बॅटरी, लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) ही त्यांतली नेहमीची. ट्रेलर ओढायचा (टोइंग) असेल तर हिच (गाडीमागचा जोड, ज्याच्या गोल बॉलवर ट्रेलर बसतो), ट्रेलरचे वायरिंग, ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारे साधन) आणि गिअरबॉक्स ऑइल कूलर यांची भर पडते. या वस्तू सुट्या विकल्या जातात, पण गाडीवर चढल्या की सगळ्या एकाच वजनमर्यादेत वाटेकरी होतात.

ही प्रथा या प्रकारच्या गाड्यांइतकीच जुनी आहे. १९४५ ची नागरी जीप आणि १९४८ ची लँड रोव्हर या दोन्ही शेतकऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून विकल्या गेल्या, आणि इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणारा पीटीओ त्यांना जोडता येत असे. १९४८ मध्येच अमेरिकेत वॉर्न कंपनी सुरू झाली. युद्धातून उरलेल्या जीपा रस्त्यावर चालवताना पुढचा ॲक्सल (चाकांना जोडणारा दांडा) विनाकारण फिरू नये म्हणून तिने चाक ॲक्सलपासून सोडवता येणारे लॉकिंग हब काढले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे १९७५ साली एआरबी कंपनी निघाली आणि तिथले बुल बार (पुढचे मजबूत लोखंडी बंपर) जगभर पसरले.

खरेदीआधी पाहायचा आकडा म्हणजे पेलोड. गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतला फरक म्हणजे पेलोड. माणसे, सामान, ॲक्सेसरीज आणि ट्रेलरचा बॉलवर येणारा भार हे सगळे त्यातच बसवावे लागते. समजा पेलोड ५५० किलो आहे. बंपर व विंच ७५, रॅक व छतावरचा तंबू ९०, मागचे ड्रॉवर व फ्रिज ८० असे २४५ किलो गेले, तर ३०५ उरतात. सरासरी ७० किलोची चार माणसे बसली की हातात २५ किलो राहतात. आता २,००० किलोचा ट्रेलर जोडला आणि त्याचा दहा टक्के भार बॉलवर आला, तर २०० किलो लागतात. म्हणजे गाडी १७५ किलोने मर्यादेबाहेर गेली. इंजिनाला हे जाणवतही नाही. जाणवते ते ब्रेकला, टायरला आणि मागच्या स्प्रिंगना. म्हणून कोणतीही मोठी वस्तू बसवण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा व मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजून घेणे, हे या छंदातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

बॉलवरचा भार जिथे पडतो ती जागाही महत्त्वाची. बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने तिथे तरफ तयार होते. व्हीलबेस २.८ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर बॉलवरच्या २०० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर सुमारे २८६ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे सुमारे ८६ किलो कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टीअरिंग सैल वाटते, ब्रेकचा जोर घटतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर जातात. मागे एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी) किंवा जाड स्प्रिंग घातल्याने गाडीची शेपटी वर येते, पण पुढच्या ॲक्सलला गेलेले वजन परत मिळत नाही. ते काम वेट-डिस्ट्रिब्युशन हिच करते. तिच्या ताणलेल्या दांड्या भाराचा काही वाटा पुढच्या ॲक्सलकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे ढकलतात. काही गाड्यांना ती चालत नाही, म्हणून मालकपुस्तिका पाहूनच घ्यावी.

बॉलवर भार नको म्हणून ट्रेलरमधले सामान मागे सरकवणे हा मात्र जीवघेणा उपाय आहे. उत्तर अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर ठेवतात. युरोपात हे प्रमाण बरेच कमी असते. भार फारच कमी पडला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, स्टीअरिंग सरळ धरावे आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत.

हिच बसवणे घरी जमण्यासारखे आहे. स्टेपनी खाली उतरवायची, सायलेन्सरच्या रबरी हँगरवर सिलिकॉन स्प्रे मारून तो सोडवायचा आणि नळी खाली झुकवायची. चासीच्या बंद पेटीत बोल्ट पोचवायला किटमध्ये गुंडाळीच्या तारेचा तुकडा येतो. तार हिचच्या बोल्टभोकातून आत घालून मोठ्या भोकातून बाहेर काढायची, तिच्या टोकाला आधी जाड पट्टी आणि मग बोल्टचे आटे अडकवायचे आणि हलक्या हाताने ओढून बोल्ट जागी आणायचा. मग टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळायचे. अंदाजाने आवळलेला बोल्ट एकतर सैल राहतो किंवा ताणला जातो. चासीला नवी भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. पहिल्या फेरीनंतर हेच बोल्ट पुन्हा तपासावेत. बॉलचे मापही जुळले पाहिजे. ५० मिलिमीटरचा बॉल आणि २ इंची कपलर (ट्रेलरच्या टोकाची, बॉलवर बसणारी वाटी) डोळ्यांना सारखेच दिसतात, पण २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि तेवढ्या फरकाने जोड खडखडतो. सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेदून लावतात, म्हणजे जोड निसटला तरी ट्रेलरची दांडी रस्त्यावर न आदळता साखळ्यांवर झेलली जाते.

वायरिंगमध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीलगत. दिव्याजवळ फ्यूज लावला आणि बॅटरीकडची वायर पत्र्याला घासून सोलली, तर मधली सगळी वायर तापून आग लागू शकते. पत्र्यातून वायर नेताना भोकाच्या कडेपासून वायर वाचवणारी रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, हवीच. टेललाइटची वायर चिमट्यात दाबणारे स्वस्त जोड पाणी लागून गंजतात. गाडीच्या सॉकेटमध्ये बसणारे तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) वापरावे. चार पिनांच्या सॉकेटमधून फक्त दिवे चालतात. इलेक्ट्रिक ब्रेक, बॅटरी चार्जिंग यांसाठी सात पिनांचे लागते आणि युरोपात तेरा पिनांचेही चालते. ब्रेक कंट्रोलर शक्यतो प्रपोर्शनल घ्यावा, कारण तो गाडी किती जोरात थांबते आहे हे ओळखून त्या मानाने ट्रेलरचे ब्रेक लावतो.

माहितीपत्रकातल्या टोइंग क्षमतेबद्दलही थोडे. २००८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे जे-२८०७ हे मानक येईपर्यंत प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवी. या मानकातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढावर आधारलेली आहे. सुमारे १८ किलोमीटरचा चढ, ३८ अंश उष्णता आणि एसी पूर्ण चालू. अशा चढावर ऑटोमॅटिक गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन व गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) घसरत राहतो आणि गिअर ऑइल तापते, म्हणून वेगळा कूलर उपयोगी पडतो. पण मालकाने नंतर चढवलेला बंपर आणि तंबू त्या आकड्यात धरलेला नसतो. शिवाय कूलर लावल्याने गिअरबॉक्स थंड राहतो, क्षमता वाढत नाही. ब्रेक, चासी आणि ॲक्सल तेच असतात.

विंच निवडताना तिची ओढ गाडीच्या कमाल वजनाच्या दीडपट असावी. लिहिलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो. दोर जितका जास्त गुंडाळलेला, तितकी ओढ कमी. दोर स्नॅच ब्लॉकमधून (कप्पीतून) फिरवून गाडीकडे परत आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. पूर्ण भारावर विंच चारशे अँपिअरच्या घरात वीज खाते. फसलेली गाडी दोराने ओढताना दोर बॉलला कधीही अडकवू नये. बॉल स्थिर ओढीसाठी बनवलेला असतो. ताणल्या जाणाऱ्या दोराच्या झटक्याने तो तुटला तर काच फोडून आतल्या माणसाला लागतो, आणि अशा घटनांत माणसे मेली आहेत. चासीला पक्के केलेले, क्षमता कोरलेले रिकव्हरी पॉइंटच वापरावेत.

ब्रीदर नळ्या, म्हणजे डिफरन्शिअलला (ॲक्सलमधल्या गिअरपेटीला) हवा घेऊ-सोडू देणाऱ्या नळ्या, उंच नेणे हे तासाभराचे, थोड्या खर्चाचे काम. गरम डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. स्नॉर्कल लावून ब्रीदर तसेच ठेवणारे बरेच असतात. इंजिन वाचते, डिफरन्शिअलचे तेल दुधाळ होते.

मोठ्या टायरांचा टोइंगवर थेट परिणाम होतो. ३१ इंचाच्या जागी ३३ इंची टायर घातला की घेर साडेसहा टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो आणि चढावर इंजिन दमते. ३.७३ ऐवजी ४.१० गुणोत्तराचे क्राउन-पिनियन (डिफरन्शिअलमधले मुख्य गिअर) बसवून ही तूट भरून निघते, मात्र पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलमध्ये एकच गुणोत्तर लागते. नाहीतर घट्ट जमिनीवर फोर-व्हील-ड्राइव्ह लावताच ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. क्राउन-पिनियनच्या दातांमधली फट मिलिमीटरच्या शतांशात जुळवावी लागते, त्यामुळे हे काम अनुभवी मेकॅनिककडेच द्यावे.