पुनर्मीलन अल्बम

पुनर्मीलन अल्बम : फुटलेल्या किंवा दीर्घकाळ थंडावलेल्या रॉक बँडच्या गाजलेल्या संचातील वादक पुन्हा एकत्र येऊन नव्या गाण्यांचा जो स्टुडिओ अल्बम काढतात, तो. जुन्या गाण्यांची संकलने आणि मैफलींची ध्वनिमुद्रणे यात धरत नाहीत. ईगल्सचा १९९४ चा ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ त्यामुळे सीमेवरचा ठरतो : त्यात स्टुडिओत केलेली नवी गाणी चारच, बाकी सगळी मैफल. त्यांचा पूर्ण नवा अल्बम ‘लाँग रोड आउट ऑफ ईडन’ २००७ मध्ये आला. १९७९ च्या ‘द लाँग रन’नंतर २८ वर्षांनी.

दौऱ्याला जुनी गाणी पुरतात, अल्बमला पुरत नाहीत. अडते ते इथेच. द पोलीस या बँडने २००७-०८ मध्ये जगभर दौरा केला, पण नवा अल्बम काढला नाही. डीप पर्पलच्या १९८४ च्या ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’सारखी, गाजलेल्या संचाला पुन्हा उभे करणारी उदाहरणे मोजकीच.

पहिला अडथळा कागदांचा. बँडचे नाव कोणाच्या मालकीचे, आगाऊ रकमेची वाटणी कशी, नव्या गाण्यांचे श्रेय सर्वांना समान की ज्याची चाल त्याला, हे पहिल्या तालमीआधी लिहून घ्यावे लागते. एकदा खोलीत चौघांनी मिळून एखादा रिफ (गाण्यात पुन्हापुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) घडवला, की तो कोणाचा हे नंतर ठरत नाही. ब्लॅक सॅबथच्या ‘१३’ (२०१३) या अल्बममधून मूळ ड्रमर बिल वॉर्ड कराराच्या वादामुळेच बाहेर राहिला आणि ड्रम ब्रॅड विल्कने वाजवले. ऑझी ऑस्बॉर्नच्या आवाजातला त्यांचा हा १९७८ नंतरचा पहिला स्टुडिओ अल्बम. ड्रमर बदलल्याचे मात्र जुन्या चाहत्यांच्या कानाला जाणवलेच.

दुसरा अडथळा गळ्याचा. वयानुसार वरचे स्वर जातात, म्हणून पट्टी अर्ध्या किंवा एका स्वराने उतरवतात. यासाठी गिटारच्या तारा सैल केल्या तर त्या पडद्यांवर खरखरतात, उपाय म्हणजे जाड संच (पहिली तार ०.०१० इंचाऐवजी ०.०११) आणि नंतर ब्रिजवर (तारा टेकतात त्या घोडीवर) स्वरांची नव्याने जुळणी. तारा तशाच ठेवून बोटांची जागा बदलली, तर मोकळ्या (बोटाने न दाबलेल्या) तारांवर बांधलेले रिफ मोडतात. नव्या गाण्यांत ही कसरत टाळता येते, कारण चालच आजच्या गळ्यावर बांधता येते. तरीही अनेक बँड जुन्याच उंचीचा हट्ट धरतात आणि मग आवाज तुकड्यातुकड्यांनी मुद्रित करून सांधावा लागतो.

साहित्य कमी पडले की जुनी खोकी उघडतात. व्हॅन हेलनच्या ‘अ डिफरंट काइंड ऑफ ट्रुथ’ (२०१२) मधली बरीच गाणी जुन्या, अप्रकाशित कच्च्या मुद्रणांवरून नव्याने घडवलेली आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा बाइंडर (चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारा चिकट पदार्थ) दमटपणा शोषून चिकट झालेला असतो. अशी टेप थेट यंत्रावर लावली तर ती किंचाळते, तिचा थर हेडवर (यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर) उतरतो आणि मुद्रण कायमचे जाते. ती आधी सुमारे ५४ अंश सेल्सियसला आठ तास किंवा अधिक काळ शेकतात. गुण काही आठवडेच टिकतो, तेवढ्यात डिजिटल प्रत काढून घ्यावी.

मुद्रणातली नेहमीची चूक क्लिकची, म्हणजे वादकांना कानात ऐकवल्या जाणाऱ्या यांत्रिक ठोक्याची. जुने बँड ध्रुवपदात नकळत लय चढवत; संगणकाच्या ठोक्यात बांधले की नेमकी तीच ओढ नाहीशी होते. ड्रम, बास आणि एक गिटार एकाच खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवणे उत्तम. क्लिक हवीच असेल, तर चांगल्या तालमीची लय मोजून त्याप्रमाणे ती बदलती ठेवतात. निरनिराळ्या शहरांतून फाइली पाठवून केलेला अल्बम स्वच्छ होतो, पण बँडसारखा वाजेलच असे नाही.

दिवंगत सदस्याचा आवाज वापरणे हा वेगळाच प्रकार. बीटल्सच्या तिघांनी दिवंगत जॉन लेननच्या कॅसेटवरून पूर्ण केलेले ‘फ्री ॲज अ बर्ड’ हे गाणे १९९५ मध्ये आले. ‘नाऊ अँड देन’ मात्र तेव्हा सोडून दिले. त्यातला आवाज पियानोपासून संगणकाने वेगळा काढता आल्यावर ते २०२३ मध्ये आले.

लांबीचा मोह आवरावा लागतो. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला १८ ते २२ मिनिटे नीट बसतात. त्यापुढे खाचा दाटीने कापाव्या लागतात आणि आवाजाची पातळी व खर्ज दोन्ही कमी होतात. दहा गाण्यांची साठ मिनिटे झाली, की दोन तबकड्या तरी काढाव्या लागतात किंवा तीन गाणी तरी गाळावी लागतात. कोणाची गाळायची, यावर जुने भांडण पुन्हा सुरू होते.