तीनदा फसलेली झडप : डॉ. वलियाथन यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

६ डिसेंबर १९९० रोजी तिरुवनंतपुरममध्ये ‘चित्रा’ ही कृत्रिम झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. तेव्हापासून एक लाखाहून अधिक रुग्णांना ही झडप बसली आहे. तिची बातमी येते तेव्हा ‘स्वस्त’ आणि ‘स्वदेशी’ हे दोन शब्द हमखास येतात. दोन्ही खरे आहेत, पण या झडपेची खरी गोष्ट १९९० च्या आधीच्या दहा-बारा वर्षांत घडली. त्या काळात ती पुन्हापुन्हा फसत होती आणि डॉ. मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन नावाचा हृदयशल्यविशारद ती रुग्णाला बसवायला ठाम नकार देत होता.

वलियाथन यांचा जन्म १९३४ चा, केरळातल्या मावेलिक्करा इथला. तिरुवनंतपुरमच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले, शल्यक्रियेचं पुढचं शिक्षण त्यांनी इंग्लंडमध्ये घेतलं, काही काळ चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत काढला आणि मग ते अमेरिकेत गेले. तिथे त्यांना व्हिन्सेंट गॉट आणि चार्ल्स हफनागेल यांच्याबरोबर काम करायला मिळालं. हफनागेल यांनी १९५२ मध्ये एका रुग्णाच्या महाधमनीत प्लॅस्टिकची गोळी असलेली झडप बसवली होती. हृदय उघडून आत काम करण्याची सोय अजून झालेली नव्हती, म्हणून झडप हृदयात न बसवता खालच्या धमनीत बसवावी लागली. माणसाच्या रक्तप्रवाहात काम करणारी ती पहिली कृत्रिम झडप. गॉट यांचं काम रक्त आणि कृत्रिम पृष्ठभाग यांच्या नात्यावर होतं : रक्त कशाला चिकटतं, कुठे गोठतं, कुठे निमूट वाहून जातं. वलियाथन यांच्या पुढच्या सगळ्या संशोधनाचं बी मला या दोन प्रयोगशाळांत दिसतं. हृदयाचा शल्यविशारद पदार्थविज्ञानाचे प्रश्न विचारायला शिकला, तो इथे.

भारतात परतल्यावर त्यांच्यासमोर जे रुग्ण होते ते अमेरिकेतल्या रुग्णांसारखे नव्हते. तिथे झडपेचा विकार बहुतेक करून उतारवयाचा. इथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येत ती शाळकरी मुलं, विशीतल्या बायका, ऐन कमावत्या वयातले पुरुष. कारण संधिवाताचा ताप. लहानपणी घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, शरीर त्या जंतूंवर तुटून पडतं आणि त्या धुमश्चक्रीत स्वतःच्याच हृदयाच्या झडपांना इजा करून बसतं. घसा चार दिवसांत बरा होतो, झडप मात्र वर्षानुवर्षं जाड होत, आकसत जाते. वेळीच पेनिसिलिन मिळालं तर हे टळतं, पण दाटीवाटीच्या गरीब वस्तीतल्या मुलाच्या घसादुखीला औषध मिळणार कुठून?

रुग्ण तरुण असल्यामुळे झडपेची निवडही अवघड होती. जनावरांच्या ऊतींपासून केलेल्या झडपा रक्ताला मानवतात, पण तरुण शरीरात त्यांच्यावर लवकर कॅल्शियम साचतं आणि त्या निकामी होतात. म्हणजे यांत्रिक झडप हवी. ती परदेशातून येई आणि तिची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर असे. शस्त्रक्रिया करणारे हात इथे तयार झाले होते, झडप परवडत नव्हती.

वलियाथन १९७४ मध्ये केरळ सरकारच्या निमंत्रणावरून तिरुवनंतपुरमला आले. त्रावणकोरच्या राजघराण्याने दिलेल्या बहुमजली इमारतीत नवं रुग्णालय उभं राहायचं होतं. त्यांनी रुग्णालयाच्या जोडीला जैववैद्यकीय तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग मागितला. त्यासाठी राजघराण्याचाच पूजप्पुरा इथला सॅटेलमंड राजवाडा मिळाला. राजवाड्यात धातुशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, यंत्र-अभियंते बसू लागले. १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने या संस्थेला, म्हणजे श्री चित्रा तिरुनाल संस्थेला, राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला आणि ती आरोग्य खात्याकडे न जाता केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे गेली. हा तपशील वरकरणी कारकुनी वाटतो, पण माझ्या मते सगळ्यात दूरगामी निर्णय हाच. आरोग्य खात्याखालच्या रुग्णालयाला पहिला प्रश्न पडतो तो खाटा किती भरल्या याचा. दहा वर्षं हाती काही न लागता झडपेवर काम चालू ठेवणं तिथे कुणी खपवून घेतलं असतं, असं वाटत नाही.

या विभागाचं पहिलं मोठं यश झडप नव्हतीच, रक्ताची पिशवी होती. त्या काळी अनेक रक्तपेढ्या रक्त काचेच्या बाटल्यांत साठवत. बाटली फुटते, तिच्यात हवा शिरते आणि लाल पेशी, प्लाझ्मा, बिंबिका (प्लेटलेट) वेगळ्या करायला ती गैरसोयीची. पिशवीत बंद वाटेनेच हे घटक वेगळे काढता येतात आणि एका रक्तदात्याचं रक्त अनेकांच्या कामी येतं. पिशवीचं तंत्रज्ञान १९८० च्या दशकात तिरुवनंतपुरमच्याच एका कंपनीला दिलं गेलं, तिथे कारखाना निघाला आणि तो चालला. या पिशवीविषयी कुणी फारसं लिहीत नाही. पण प्रयोगशाळेतली वस्तू कारखान्यापर्यंत नेण्याचा सराव संस्थेला तिच्यामुळेच झाला.

आता झडप. निवडलेली रचना होती कलत्या चकतीची. धातूची एक कडी, तिच्यात दोन बाजूंनी येणारे धातूचे छोटे आधार आणि त्यांच्यामध्ये सैलसर धरलेली गोल चकती. रक्ताचा दाब आला की चकती कलते, वाट उघडते. दाब उलटला की ती परत कडीवर टेकते. वाचायला सोपं आहे. पण हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडतं, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त उघडझाप. प्रत्येक वेळी चकती आधारांवर घासते आणि कडीवर आपटते. हे सगळं खारट, कोमट, सतत गोठू पाहणाऱ्या द्रवात, दुरुस्तीची सोय नसताना.

पहिली तीन प्रारूपं फसली आणि प्रत्येक वेळी कारण निराळं निघालं. कुठे जोडकामाने दगा दिला, कुठे धातूचे आधार झिजले. चकतीसाठी कृत्रिम नीलमण्याचा एकसंध स्फटिक वापरून पाहिला. त्याचा कठीणपणा झिजेला पुरून उरेल, रक्तालाही तो मानवेल, असा हिशेब होता. मेंढ्यांवरच्या चाचण्यांत चकतीच फुटली. कठीण वस्तू झिजत नाही, पण ती तडकते. आणि ती जितकी कठीण तितकी शेजारच्या धातूला खाते.

चौथ्या प्रारूपात दिशा बदलली. पिंजरा, म्हणजे कडी आणि आधार, कोबाल्टच्या मिश्रधातूचा, एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेला, म्हणजे जोडच नाही. चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकची. कृत्रिम सांध्यांत हे प्लॅस्टिक आधीपासून वापरात होतं. टाके घालायची कडा पॉलिएस्टर कापडाची. हृदयाच्या कित्येक पट वेगाने उघडझाप करणाऱ्या यंत्रावर ही झडप ३६ कोटी आवर्तनं चालवली गेली, म्हणजे माणसाच्या हृदयातली जवळपास दहा वर्षं. प्लॅस्टिकच्या चकतीमुळे आणखी एक फायदा झाला : झडप मिटतानाचा आवाज मऊ झाला. धातू आणि कार्बनच्या झडपांची टिकटिक रात्रीच्या शांततेत रुग्णाला ऐकू येते आणि काहींची त्याने झोप उडते.

जोडाची एवढी धास्ती का, हे कळायला त्याच काळात जगात काय चाललं होतं ते पाहायला हवं. ब्यॉर्क-शायली ही कलत्या चकतीची झडप १९६९ पासून वापरात होती आणि चांगलं नाव मिळवून होती. तिची एक सुधारित आवृत्ती १९७९ मध्ये बाजारात आली. तिच्यातला एक आधार कडीला वेल्डिंगने जोडलेला होता. काही रुग्णांत तो जोड तुटला, चकती निसटली आणि बहुतेकांना वाचवता आलं नाही. १९८६ मध्ये ती झडप बाजारातून काढून घेतली गेली, तोवर सुमारे ८६ हजार माणसांच्या हृदयात ती बसलेली होती. झडप ठीक असताना केवळ भीतीपोटी दुसरी शस्त्रक्रिया करायची की तशीच ठेवायची, हा पेच मग हजारो घरांत शिरला. तिरुवनंतपुरमचं काम या सगळ्याच्या सावलीत चाललं होतं. उशीर होतोय म्हणून टीका होत असताना वलियाथन घाई करत नव्हते, यात मला त्यांची संशोधक म्हणून खरी उंची दिसते.

१९९० नंतरही झडप लगेच सरसकट विकायला काढली नाही. डिसेंबर १९९० ते जानेवारी १९९५ या काळात देशातल्या सहा रुग्णालयांत ३०६ रुग्णांना ती बसवून त्यांचा पाठपुरावा केला गेला. त्यांपैकी २०५ झडपा मायट्रलच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेच्या जागी, १०१ महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या झडपेच्या. संधिवाताचा ताप सगळ्यात जास्त मायट्रललाच गाठतो, म्हणून तिचं पारडं इतकं जड असणं हीच त्याची खूण. उत्पादन चेन्नईच्या टीटीके समूहाकडे गेलं.

झडपेच्या प्रसिद्धीत वलियाथन यांचं एक निराळं काम झाकलं गेलं. केरळात, आणि तिकडे युगांडात, हृदयाच्या आतल्या अस्तरावर जाड तंतुमय थर चढण्याचा एक विकार गरिबांत आढळे. त्यांनी त्यावर शस्त्रक्रिया केल्या, पण काढून टाकलेला थर आला कुठून, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळू आहे. तिच्यात थोरियम असतं, सेरियम हा धातूही असतो. आहारात मॅग्नेशियम कमी आणि शरीरात सेरियम जास्त, अशा जोडीतून हा विकार होत असावा, असं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. ही मांडणी सर्वमान्य झालेली नाही आणि पुढे विकारच दुर्मीळ होत गेला. तरीही टेबलावरच्या रुग्णापासून समुद्रकिनाऱ्याच्या वाळूपर्यंत जाणारा शल्यविशारद विरळाच.

पुढे मणिपाल विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाल्यावर शस्त्रक्रिया सुटली. मग त्यांनी आयुर्वेदाकडे मोर्चा वळवला. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर ग्रंथ लिहिले आणि रसायन कल्पांचे, म्हणजे आयुर्वेदातल्या बलवर्धक औषधांचे, परिणाम आधुनिक जीवशास्त्राच्या कसोट्यांवर तपासायला प्रयोगशाळांना उद्युक्त केलं. बनारसमध्ये फळमाश्यांवर झालेले प्रयोग त्यातलेच. अनेक सहकाऱ्यांना हा वळसा रुचला नाही. आयुर्वेदाचा गौरव करणारे त्यांचं नाव पुढे करतात, पण त्यांचा आग्रह आधी तपासा असा होता, हे सोयीस्करपणे विसरतात. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १७ जुलै २०२४ रोजी मणिपालमध्ये त्यांचं निधन झालं.

यांत्रिक झडपेची एक अडचण ना चित्राने सोडवली ना इतर कुणी. तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि गोळीचं प्रमाण बरोबर आहे ना, हे पाहायला वरचेवर रक्त तपासावं लागतं. प्रमाण कमी पडलं तर झडप अडकते, जास्त झालं तर रक्तस्राव होतो. तरुण बाईला दिवस गेले तर ती गोळी बाळालाही अपाय करू शकते. झडप परवडली, तरी तपासणीची सोय गावापासून लांब असेल तर धोका तसाच राहतो. रक्ताला पूर्णपणे मानवेल असा टिकाऊ पृष्ठभाग अजूनही कुणाला सापडलेला नाही.