काकांच्या शेजारी बसतं कोण?

‘ही खुर्ची मोकळी ठेवा, ते येतायत,’ असं एखादे काका इतर कुणालाच न दिसणाऱ्या सोबत्याबद्दल शांतपणे सांगतात तेव्हा घरात दोन तट पडतात. काही जण चेष्टा करतात, काही डॉक्टर शोधू लागतात. खुर्चीत कुणी नाही हे काकांना ठाऊक आहे का, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

मुलांच्या बाबतीत आपण उदार असतो. ओरेगॉन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांना २००४ च्या अभ्यासात असं आढळलं, की सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी काल्पनिक सवंगडी होता. मोठ्यांमध्येही हे दुर्मीळ नाही. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांशी बोलून १९७१ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास निम्म्यांना गेलेलं माणूस कुठल्या ना कुठल्या रूपात जाणवलं होतं, काहींना दिसलंही होतं. बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आपले काका सांगतात, म्हणून ते विक्षिप्त!

ही चाहूल येते कुठून? २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अपस्माराच्या एका रुग्ण तरुणीच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात, सौम्य विद्युतप्रवाह सोडला गेला. पाठीमागे कुणीतरी आहे असं तिला वाटू लागलं. ती उठून बसली की ‘तो’ही बसे. मेंदू स्वतःच्याच शरीराचा हिशेब चुकवून तो परक्याच्या खात्यावर टाकत होता, असा संशोधकांचा अर्थ.

नजर अधू झाली तर प्रकार निराळा. स्विस निसर्ग-अभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल लिहिलं: मोतीबिंदूने दृष्टी गेलेली, बुद्धी तल्लख, तरी माणसं, पक्षी, इमारती दिसत. डोळ्यांकडून पुरेशी माहिती येईनाशी झाली की मेंदूचा दृष्टिविभाग स्वतःच चित्रं रंगवतो. अशा वेळी डोळे तपासून घ्यावेत.

काकांशी वाद घालू नये, खोटी साथही देऊ नये. ‘मला दिसत नाहीत, पण ते काय म्हणतात?’ असं विचारावं. उत्तरातून बरंच कळतं. सोबती हुकूम सोडत असेल, भीती घालत असेल किंवा उतारवयात विसराळूपणा आणि थरथरीबरोबर नव्यानेच अवतरला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. हा ल्युई बॉडी स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साचून होणारा आजार, असू शकतो. त्यात भास थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर शरीर ताठरून प्रकृती गंभीर होऊ शकते, म्हणून घरातल्या कुणी आपल्या मनाने गोळी देऊ नये.