तोकाइदो: जपानच्या ‘गोल्डन रूट’मागची चारशे वर्षं

जपानच्या सहलीची कुठलीही जाहिरात उघडा, कार्यक्रम साधारण ठरलेला असतो. टोकियो, फुजीचं दर्शन, हाकोनेला गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी एक मुक्काम, मग बुलेट ट्रेनने क्योटो आणि शेवटी ओसाका. सहलवाले याला ‘गोल्डन रूट’ म्हणतात. हा मार्ग मात्र कुठल्या पर्यटन खात्याने आखलेला नाही. तो आखला एका सेनापतीने, आणि त्याच्या डोक्यात पर्यटन सोडून बाकी सगळं होतं.

१६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकल्यावर तोकुगावा इएयासुने पुढच्याच वर्षी फर्मान काढलं. त्याची सत्ता एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत होती आणि सम्राट क्योटोत. या दोन शहरांमधल्या जुन्या वाटेवर टप्प्याटप्प्याने घोडे आणि हमाल कायम तयार ठेवायचे, असा तो हुकूम. हीच तोकाइदो वाट. एदोतल्या निहोनबाशी पुलापासून क्योटोतल्या सान्जो पुलापर्यंत सुमारे ४९० किलोमीटर आणि मधे ५३ मुक्काम. पायी बारा ते पंधरा दिवस लागायचे.

१६३५ मध्ये इएयासुचा नातू इएमित्सु याने सरदारांवर आणखी एक बंधन घातलं. एक वर्ष आपल्या मुलखात, एक वर्ष एदोत. बायकामुलं मात्र कायम एदोतच, म्हणजे सरळ सरळ ओलीस. शेकडो माणसांचे लवाजमे दरवर्षी या वाटांवरून येऊ-जाऊ लागले. सरदारांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत राहिल्या आणि मुक्कामाची गावं गबर झाली. बड्या मंडळींसाठी ‘होन्जिन’ वाडे उभे राहिले, सामान्य वाटसरूंसाठी ‘हातागो’ नावाच्या खाणावळी-धर्मशाळा. हातागोत रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी राहण्याच्या पैशांतच मिळायची. आज ‘र्योकान’ नावाच्या पारंपरिक निवासांमध्ये एका रात्रीला दोन जेवणं धरूनच दर सांगतात, ती हीच पद्धत.

वाटेवर चौक्या होत्या. त्यातली हाकोनेची फार कडक. एदोत शिरणाऱ्या बंदुका आणि एदोतून निसटणाऱ्या बायका, या दोहोंवर सरकारचा डोळा. सरदाराची बायको गुपचूप आपल्या मुलखाकडे निघाली तर बंड शिजतंय असं समजायचं! बायकांच्या परवान्यावर वर्णन लिहिलेलं असे. चौकीवरची तपासनीस बाई केस सोडायला लावून ते ताडून पाही. आज हाकोनेच्या तळ्याकाठी पुन्हा बांधलेली चौकी आहे. बहुतेक सहली तळ्यातल्या बोटीसाठी तिथे जातात आणि चौकीवर दहा मिनिटं काढतात, हे काही बरं नाही.

मग सामान्य माणूस फिरायला कसा निघाला? शेतकऱ्याला गाव सोडायला परवाना लागे. पण इसे इथल्या सूर्यदेवीच्या मोठ्या देवळाला जातो म्हटल्यावर सहसा कुणी अडवत नसे. पैशांची सोय गावोगावच्या ‘इसे-को’ मंडळांनी केली. सगळ्यांनी वर्गणी भरायची, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचं नाव निघेल त्याने सर्वांच्या वतीने जायचं; आपल्या भिशीसारखंच, फक्त हाती रोकड नाही, यात्रा यायची. पैसे सगळ्यांचे, त्यामुळे परतताना सगळ्यांसाठी काहीतरी आणणं भागच. जपानमध्ये प्रत्येक स्टेशनवर त्या त्या गावच्या खाऊचे सुबक खोके रचलेले दिसतात, त्या हौसेची पाळंमुळं बरीचशी या यात्रांमध्ये आहेत.

योक्काइचीनंतर इसेची वाट तोकाइदोपासून फुटते. देवदर्शन झालं की मंडळी खुशाल क्योटो-ओसाकाला नाटकं पाहायला जात. १८३० च्या यात्रेच्या लाटेत चाळीस-पन्नास लाख लोक इसेला गेले असा अंदाज आहे, आणि तेव्हा जपानची लोकसंख्या होती तीन कोटींच्या आसपास. पोरं आईबापांना आणि नोकर मालकाला न विचारता निघत. परत आल्यावर शिक्षाही सहसा होत नसे.

एवढी वर्दळ असल्यावर प्रत्येक गावाने स्वतःचा एक पदार्थ पुढे केला. कुवानाला भाजलेले शिंपले, आबे नदीकाठी सोयाबीनच्या पिठात घोळवलेले मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, मारिकोला किसलेल्या रानकंदाचं बुळबुळीत ‘तोरोरो’ सार, भातावर ओतून. चित्रकार हिरोशिगेने १८३३-३४ च्या सुमारास तोकाइदोची ५५ चित्रं काढली: ५३ मुक्काम आणि दोन टोकं. त्यात मारिकोच्या चित्रात गवताने शाकारलेलं चहाचं दुकान आहे. दोन वाटसरू बाकावर बसून हादडताहेत आणि पाठीला मूल बांधलेली बाई वाढतेय. लाकडी ठशांवर छापलेली ही चित्रं चार पैशांत मिळत. आज ती संग्रहालयांच्या काचेआड आहेत.

शिमादा आणि कानाया यांच्यामधल्या ओइ नदीवर सरकारने पूल होऊच दिला नाही. वाटसरूला हमालाच्या खांद्यावर किंवा लाकडी पाटावर बसून पार व्हावं लागे. दर पाण्याच्या खोलीवर, पाणी जास्त चढलं की नदी बंद. मग दिवसच्या दिवस अडकून पडायचं, खाणावळवाल्यांची चंगळ. १८७० मध्ये ही पद्धत बंद झाली आणि हमालांची पोटं उघडी पडली. त्यातले कित्येकजण, तोकुगावांची सत्ता गेल्यावर नोकरी गमावलेल्या सामुराईंसारखेच, शेजारच्या माकिनोहारा पठारावर चहा लावायला गेले. शिझुओकाचा जो हिरवा चहा आज जगभर जातो, त्यात या बेकारांचा मोठा वाटा आहे.

पुढचा इतिहास भराभर घडला. १८७२ मध्ये शिम्बाशी-योकोहामा रेल्वे, १८८९ मध्ये कोबेपर्यंतचा मार्ग पूर्ण. परदेशी माणसाला मात्र १८९९ पर्यंत ठरावीक बंदरांच्या हद्दीबाहेर फिरायला परवाना लागे. १ ऑक्टोबर १९६४ ला, टोकियो ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावू लागली. नाव तेच ठेवलं, तोकाइदो.

या मार्गावरची सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडी आता टोकियोहून क्योटोला सव्वादोन तासांच्या आत पोचते. ती शिझुओका प्रांतात एकाही स्टेशनवर थांबत नाही. ५३ पैकी २२ मुक्काम याच प्रांतात आहेत. मारिकोत तोरोरो वाढणारं जुनं दुकान अजून चालू आहे. तिथे जायचं तर ‘हिकारी’ किंवा ‘कोदामा’ या जास्त थांबे घेणाऱ्या गाडीने शिझुओकाला उतरून बस धरावी लागते.